बोईसरच्या मंडपात काळजाचं वजन

लोक इजिप्त बघायला विमानानं जातात. मी गाड्या बदलत बोईसरला गेले. पाच दिवसांत तिथं मला ओसायरिस भेटला, अनुबिस भेटला, मेलेल्या माणसाचा न्याय करणारा तराजू भेटला, आणि सगळ्यांनी मिळून माझ्या डोक्याचा भुगा केला. पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी फोन करून "गणपतीच्या देखाव्याला जरा मार्गदर्शन करा" म्हणालं, तर आधी हे वाचा आणि मग तब्येतीचं कारण सांगा.

मला ते सांगता आलं नाही, कारण प्रश्न कुंदाचा होता. कुंदा माझी धाकटी बहीण. लग्न होऊन कोरेगावहून बोईसरला गेली ती तिथलीच झाली. तिचे यजमान वसंतराव तिथल्या एका कारखान्यात फिटर होते, आणि बावीस वर्षं कॉलनीच्या गणपतीचा देखावा उभा करणारा माणूस म्हणून त्यांना सगळे ओळखायचे. पौषात ते गेले. सेकंड शिफ्टच्या बसची वाट बघत उभे होते, छातीत कळ आली आणि संपलं. त्यांच्या वहीत यंदाच्या देखाव्याची चित्रं निघाली. पिरॅमिड, कोल्ह्याच्या तोंडाचा देव आणि एक तराजू. मंडळानं ठरवलं की त्यांच्या आठवणीसाठी तोच देखावा करायचा. मग मंडळाचा अध्यक्ष दिनेश याला शोध लागला की काकूंची बहीण इतिहासाची बाई होती.

"मावशी, आमाला सगळं खरंखुरं पायजे," तो फोनवर म्हणाला. "उगीच कायपण नाय करायचं."

या वाक्यावर मी विश्वास ठेवला. पस्तीस वर्षं मुलांना शिकवूनही माणसाला अक्कल येतेच असं नाही.

पहिला दिवस, बोईसर

मंडपात शिरल्या शिरल्या मला दिसला तो स्फिंक्स. त्याला मिशा होत्या.

"मिशा कशाला?" मी विचारलं.

"राजा हाय ना तो," दिनेश म्हणाला. दिनेश चाळिशीचा, पाम गावचा. घरची चिकूची वाडी सांभाळून मंडळ चालवतो, आणि दोन्हींकडे सारख्याच मायेनं बघतो. त्याच्यावर रागावणं फार कठीण जातं. मी ते पाचही दिवस केलं.

अनुबिस म्हणजे कोल्ह्याच्या तोंडाचा, मेलेल्यांना हाताला धरून न्यायासनापर्यंत नेणारा देव. इथे तो कॉलनीच्या गेटवर झोपणाऱ्या कुत्र्यासारखा दिसत होता, कारण पेंटरनं मॉडेल म्हणून तोच घेतला होता. थोथ हा न्यायाचा निकाल लिहून घेणारा, पाणपक्ष्याच्या लांब चोचीचा देव. त्याला गरुड समजून दोन बायका नमस्कार करून गेल्या. मी त्यांना थांबवून सांगितलं, की हा आपला नाही, इजिप्तचा. त्या म्हणाल्या, "असू दे की," आणि जाताना परत नमस्कार केला.

"हे प्राण्यांच्या तोंडाचे देव लोकांना विचित्र वाटणार," मी दिनेशला म्हटलं. "खाली माहिती लिहायला हवी, की ते लोक प्राण्याची नव्हे, त्या प्राण्यातल्या शक्तीची पूजा करायचे."

दिनेशनं गणपतीच्या रिकाम्या चौरंगाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "मावशी, आपल्याकडे विचित्र कुणाला वाटनार?"

मग त्यानं हळूच दुसरा विषय काढला. मेलेल्यांचा न्याय करायला मधोमध ओसायरिस बसतो हे त्याला मान्य होतं. पण मधोमध तर बाप्पा बसणार. तेव्हा ओसायरिसला कडेला घेऊन न्याय बाप्पानंच केला तर? मी तासभर वाद घातला. शेवटी न्याय बाप्पानंच करायचा ठरला.

रात्री जेवायला तांदळाची भाकरी होती. आमच्याकडे ज्वारीची भाकरी थापली की घरभर आवाज जातो, इथली मुकाट्यानं होते आणि ताटात मऊ पडते. चांगली लागते, पण पोट भरलं की नाही हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागतो. कुंदा समोर बसली होती, जेवत नव्हती. वसंतराव गेल्यापासून ती मंडपाकडे फिरकली नव्हती. वर्ष व्हायचं होतं, म्हणून घरी गणपतीही नव्हता.

"चतुर्थीला मात्र येणार आहे मी," ती म्हणाली. "पहिला खेळ बघायचाय. त्यांचा आहे तो."

दुसरा दिवस, पालघर आणि परत मंडप

ममीला गुंडाळायला मांजरपाट हवं होतं, म्हणून कुंदाला बरोबर घेऊन पालघरच्या बाजारात गेले. दुकानदारानं विचारलं, कशाला? मी खरं ते सांगितलं, मेलेल्या माणसाला गुंडाळायला. त्यानं कापड घाईघाईनं मोजलं आणि पिशवी लांबूनच दिली. मेलेल्या माणसाचं कापड म्हटल्यावर आपल्याकडे घासाघीस होत नाही, हा एक फायदा कळला.

रिक्षात कुंदानं विचारलं, ते लोक प्रेताचं नक्की काय करायचे. मी सांगितलं. नाकातून आकडा घालून मेंदू काढायचे आणि टाकून द्यायचे, कारण त्याचा काही उपयोग आहे असं त्यांना वाटत नसे. फुप्फुसं, यकृत, जठर, आतडी वेगळ्या चार बरण्यांत ठेवायचे. अंग क्षारात वाळवायचे. काळीज मात्र आतच राहू द्यायचे, कारण माणूस विचार करतो, आठवतो, बरंवाईट जाणतो ते काळजानं, अशी त्यांची समजूत. थडग्याच्या भिंतीवर भाकऱ्या, कांदे, बदकं रंगवून ठेवायचे. पुढे मुलाबाळांनी पान वाढायचं बंद केलं तरी चित्रातलं अन्न मेलेल्याला पोचत राहावं म्हणून.

"हे बरंय," कुंदा म्हणाली. "निदान उपाशी कुणी राहत नसेल."

संध्याकाळी मंडपात बैठक होती. बोईसरमध्ये बैठक सहाला म्हणजे सहाला नसते, ती शिफ्ट सुटल्यावर असते. कोण कुठल्या शिफ्टला आहे हे पाठ असल्याशिवाय या गावात माणसं एकत्र करता येत नाहीत. देखाव्याची यंत्रं बसवणारा भोसले हा मूळचा सोलापूरकडचा, वसंतरावांच्या हाताखाली शिकलेला, तो सगळ्यांत शेवटी आला.

मी त्यांना थडग्यात ठेवायच्या छोट्या बाहुल्यांबद्दल सांगत होते. परलोकात शेतं आहेत, तिथेही नांगरणी-पेरणी चुकत नाही. तेव्हा मेलेल्याच्या नावाचा पुकारा झाला की त्यानं जायचं नाही, बाहुलीनं "मी आहे" म्हणून उठायचं. श्रीमंतांकडे वर्षाच्या एकेका दिवसाला एकेक बाहुली, आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या आणखी काही.

"म्हणजे कॉन्ट्रॅक्ट लेबर की मॅडम," भोसले म्हणाला. "वर मुकादम."

एवढं नेमकं उत्तर मला पस्तीस वर्षांत एका विद्यार्थ्यानं दिलं नव्हतं.

मग मेलेल्यानं न्यायासनासमोर म्हणायची यादी निघाली. मी अमुक केलं नाही, मी तमुक केलं नाही, अशी बेचाळीस वाक्यं. मी येण्याआधी दोन रात्री जागून ती सोप्या मराठीत उतरवली होती. देखाव्यात लावायच्या टेपसाठी आवाज दिनेशचा. तो वाचायला लागला आणि समिती जागी झाली. 'मी वाहतं पाणी अडवलं नाही' यावर दिनेश थांबला आणि म्हणाला, हे आमच्या शेजारच्या वाडीवाल्याला ऐकवायला पायजे. 'मी दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकलं नाही' यावर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. 'मी तराजूत खोट केली नाही' हे अगदी शेवटचं वाक्य म्हणून ठेवायचं ठरलं. शेवटी बेचाळीसची अकरा झाली, कारण गर्दी पुढे सरकायला हवी. ज्या यादीवर त्या लोकांचा अख्खा परलोक उभा होता, ती बोईसरमध्ये दीड मिनिटात बसवली.

अकरांत 'मी रागावलो नाही' हे वाक्य राहिलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

तिसरा दिवस, चिंचणी

मी फारच चिडचिड करत होते म्हणून दिनेशनं मला आणि कुंदाला चिंचणीच्या किनाऱ्यावर सोडलं. वाटेत वाड्या, केळी, ओल्या भिंती, आणि अंगाला चिकटणारी हवा. आमच्याकडे घाम येतो आणि जातो, इथे तो मुक्कामाला असतो. समुद्राला ओहोटी होती. पाणी इतकं आत गेलं होतं, की समुद्र बघायला आलो आणि चिखल बघून चाललो असं वाटावं. होड्या वाळूत कलंडून पडल्या होत्या. माझ्या चपलेचा अंगठा तिथंच तुटला.

मी अनवाणी, हातात चपला घेऊन, समुद्राला आणि दिनेशला बोल लावत चालले होते. कुंदा मागे राहिली होती. ती एकदम म्हणाली, "अक्के, ते त्या दिवशी ताटावरून उठले."

मी थांबले.

"भाजीत मीठ कमी होतं. ते म्हणाले, रोजचंच आहे. मी म्हटलं, मग स्वतः करून घ्या. एवढंच. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. 'येतो' पण नाही म्हणाले. तासाभरानं निरोप आला."

आठ महिने ती हे पोटात घेऊन बसली होती. तेराव्याला, महिन्याला, कधी तिनं चकार शब्द काढला नव्हता.

"काल मंडपातून दिनेशचा आवाज येत होता घरापर्यंत. मी रागावलो नाही म्हणून. त्यांना नसतं म्हणता आलं ना ते? काळीज जड झालं की काय होतं म्हणालीस तू?"

मी काहीच म्हणाले नव्हते तिला. पण वसंतरावांच्या वहीत तिनं चित्र बघितलं होतं. एका पारड्यात काळीज, दुसऱ्यात सत्याच्या देवीचं पीस. दोन्ही समतोल राहिली तर माणूस सुटला. काळीज जड भरलं तर तराजूपाशी बसलेली अम्मित ते खाऊन टाकते. मगरीचं तोंड, सिंहाचं अंग, मागून पाणघोडा. त्यानंतर त्या माणसाला परलोक नाही, काही नाही.

माझ्याकडे सगळ्याचं उत्तर असतं, तशी माझी ख्याती आहे. तिथे मी हातातल्या चपला वाळूवर आपटल्या. शेवटी जे माहीत होतं ते सांगितलं. ते लोक प्रेताच्या छातीवर दगडाचा भुंगा ठेवायचे, त्याच्यावर मंत्र कोरलेला असायचा. माझ्या काळजा, तिथे उभं राहून माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस, अशा अर्थाचा.

"म्हणजे आत काहीतरी असायचंच प्रत्येकाच्या," कुंदा म्हणाली. "आणि सांभाळून घ्यायची सोयपण होती."

"होती," मी म्हटलं.

"मग बघते मी चतुर्थीला. पीस वर गेलं नाही म्हणजे झालं."

चौथा दिवस, मंडप

तोपर्यंत मी तराजू चालताना बघितला नव्हता. भोसलेनं त्याच्यावर ताडपत्री टाकून ठेवली होती. सरप्राइज आहे, म्हणत होता. चौथ्या दिवशी दुपारी ताडपत्री काढली.

न्यायासनासमोर उभा केलेला मेलेला माणूस वसंतराव होते.

कारखान्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोवरून उमरोळीच्या पेंटरनं चेहरा केला होता, आणि बाकी सगळं बिघडवणाऱ्या त्या माणसानं तो चेहरा मात्र हुबेहूब केला होता. चष्म्यासकट. अंगाला पांढरं मांजरपाट, पालघरहून मीच आणलेलं.

"काकांना श्रद्धांजली," दिनेश म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "बावीस वर्सं दुसऱ्यांना उभं केलं त्यांनी. यंदा आमी त्यांना उभं केलं."

मी काही बोलायच्या आत भोसलेनं बटण दाबलं. टेप लागली. मी चोरी केली नाही, मी खोटं बोललो नाही, मी रागावलो नाही. मग मोठ्या कलिंगडाएवढं लाल काळीज धाडकन खाली आलं, पीस वर उडालं, अम्मितनं जबडा उघडला, तिच्या डोळ्यांत लाल दिवे लागले आणि भोंगा वाजला. वसंतराव अंधारात गेले.

"दर पाच मिनिटाला एकदा," भोसले म्हणाला. "कसं वाटतंय?"

मी आयुष्यात शाळेतसुद्धा एवढी ओरडले नव्हते. अरे, हा माणूस पास झाला पाहिजे! सगळ्या चित्रांत पारडी समान असतात. माणूस थडग्यात स्वतःच्या पराभवाचं चित्र लावेल का? आणि तुम्ही तुमच्याच काकांना दहा दिवस, दर पाच मिनिटाला, मगरीच्या घशात घालणार?

दोघांना खरंच ते सुचलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात चेहरा हे एक काम होतं, तराजू हे दुसरं. एक समितीनं केलं, दुसरं भोसलेनं.

"पण मॅडम, पारडं हललंच नाही तर लोक बघणार काय?" भोसले हळूच म्हणाला.

"चेहरा काढा मग."

"काकांचं तोंड काढू?" दिनेश म्हणाला. "मावशी, ते नाय जमायचं." मी चिंचणीची गोष्ट त्यांना सांगू शकत नव्हते, ती माझी नव्हती. एवढंच म्हणाले, की कुंदानं हे असं बघता कामा नये. भोसलेनं शपथ घेतली, मॅडम, मी सकाळी येऊन समतोल करतो. आता सेकंड शिफ्ट आहे, जायला पाहिजे.

मी त्याच्यावरही विश्वास ठेवला.

पाचवा दिवस, चतुर्थी

भोसले सकाळी आला नाही. त्याचा बदली माणूस आला नाही म्हणून त्याला कारखान्यातच थांबवून घेतलं होतं. बाप्पा वाजतगाजत आले, प्रतिष्ठापना झाली, मी दिनेशच्या मागे लागले, दिनेश प्रसादाच्या मागे लागला. मग मी घरी धावले आणि कुंदाला सांगितलं, की माझं डोकं ठणकतंय, आपण संध्याकाळी जाऊ. कुंदा नेसून तयार होती.

"तुझं डोकं चार दिवस ठणकतंय," ती म्हणाली. "चल."

आरतीच्या आधी पहिला खेळ ठेवला होता. भोसले त्याच वेळी डबा हातात घेऊन धापा टाकत पोचला, पण गर्दीतून त्याला पुढे येता येईना. कुणीतरी उत्साही माणसानं बटण दाबलं. पडदा सरकला.

कुंदानं नवऱ्याचा चेहरा बघितला. तिनं माझा दंड धरला. टेप सुरू झाली. मी चोरी केली नाही. मी वाहतं पाणी अडवलं नाही. मी रागावलो नाही. आणि काळीज धाडकन खाली आलं.

जबडा उघडला, भोंगा वाजला. कॉलनीतली सगळी माणसं वसंतरावांना ओळखणारी. जे मी काल ओरडून सांगितलं होतं ते सगळ्यांना एका क्षणात कळलं. दिनेशनं कपाळावर हात मारला.

"थांबवा ते," कुंदा म्हणाली.

भोसलेनं वायरच उपटली. कुंदा दोरी ओलांडून आत गेली. मला वाटलं ती चेहऱ्याकडे जाईल. ती तराजूकडे गेली. पारड्यातलं काळीज तिनं दोन्ही हातांनी उचललं, कानापाशी नेऊन हलवलं. आत खुळखुळलं. मागच्या बाजूला कागद चिकटवला होता, तो तिनं नखानं फाडला आणि हात घातला.

आतून नट निघाले. लोखंडी, जाड, तांब्याच्या तारेत ओवलेली माळच.

"खाली यायला वजन लागतं ना काकू," भोसले रडवेला होऊन म्हणाला. "मंडळाच्या ट्रंकेत काकांची पेटी होती. त्यातलेच घेतले."

"कळलं मला. ही गाठ त्यांचीच आहे," कुंदा म्हणाली. वसंतराव कुठलाही सुटा नट कधी सुटा ठेवत नसत. तिनं ती गाठ सोडवली. एकेक नट काढून ओंजळीत घेतला, मग पदरात. रिकामं काळीज परत पारड्यात ठेवलं. दांडी हलली, थोडी झुलली आणि सरळ उभी राहिली. एका बाजूला काळीज, एका बाजूला पीस, अगदी पुस्तकातल्यासारखं. काल मी ज्यासाठी घसा फोडला होता ते समोर होतं. मी सुटकेचा श्वास सोडला.

कुंदा मात्र तिथून हलेना. तिनं पदरातला एक नट उचलला आणि काळजात परत टाकला. पारडं टाचणीभर खाली झुकलं.

"अगं, काय करतेस?" मी म्हटलं.

"एक राहू दे," ती म्हणाली. "अगदीच हलकं होतं म्हटलं तर मला खोटं वाटेल. रागावले होते ते. मीपण रागावले होते." मग ती माझ्याकडे वळली. डोळे वाहत होते, पण आवाज स्वच्छ होता. "तुझ्या त्या देवांना चालेल का अक्के एवढं?"

सगळा मंडप माझ्याकडे बघत होता. पाच दिवस खरंखुरं, खरंखुरं म्हणून मी या माणसांना हैराण केलं होतं. मिशा पुसायला लावल्या होत्या. पस्तीस वर्षं उत्तराला अर्धा गुण जास्त दिला नाही असं लोक माझ्याबद्दल सांगतात, आणि ते खरं आहे.

मी पुढे गेले. कुंदाच्या पदरातून दुसरा नट घेतला आणि पिसाखाली सरकवला, दिसणार नाही असा. दांडी सरळ झाली.

भोसलेनं वायर परत लावली. टेप जिथे थांबली होती तिथून पुढे, उरलेल्या शेवटच्या वाक्यावर सुरू झाली, आणि बाप्पाच्या समोर, भरल्या मंडपात दिनेशचा आवाज म्हणाला, "मी तराजूत खोट केली नाही."

आठ महिन्यांनी कुंदा पहिल्यांदा हसली. मी बाप्पाकडे बघायचं टाळलं आणि आरतीचं तबक हातात घेतलं.